सोफ्याच्या दुसऱ्या टोकावरून

प्रति,
श्री. टिम कुक आणि व्हिजन प्रो घडवणारी सगळी मंडळी,
ॲपल पार्क, क्युपर्टिनो

फ्रीमाँट, २७ जानेवारी २०२४

स. न. वि. वि.

पत्र मराठीत लिहितेय, कारण रागवायचं किंवा चेष्टा करायची झाली की माझं इंग्रजी सुटाबुटात येतं आणि दोन्ही बिघडवतं. शिवाय तुमच्या त्या गोल इमारतीत मराठी वाचणारे काही कमी नाहीत. त्यातले चौघे तर संक्रांतीला आमच्याकडे तिळगूळ खाऊन गेले. जेवणाच्या सुट्टीत कुणालाही गाठा, वाचून दाखवतील.

तुमचा व्हिजन प्रो म्हणजे गॉगलसारखा डोळ्यांवर चढवून आत सिनेमा, ॲप आणि आभासी दृश्यं बघायचा हेडसेट. मी त्याची गिऱ्हाईक नाही. गिऱ्हाईक माझा नवरा. १९ तारखेला पहाटे पावणेपाचला त्याचा गजर वाजला. आमच्याकडे त्या वेळी गजर वाजतो तो विमान पकडायचं असलं तर, नाहीतर नरकचतुर्दशीला. पाचच्या ठोक्याला तुमची नोंदणी सुरू झाली आणि हा स्वयंपाकघरात, मळक्या नाइट पँटवर, फोनसमोर मान डावीकडे, उजवीकडे, वर, खाली फिरवत चेहऱ्याचं माप देत उभा. हेडसेटचे ३,४९९ डॉलर. चष्मा असल्यामुळे झाइसच्या भिंगांचे १४९. टॅक्स वेगळा. काही तासांनी त्याच्या मित्रांना घरपोच मिळायची तारीख मार्चमधली दिसू लागली, तेव्हा ह्याच्या चेहऱ्यावर पोराला पहिल्या यादीत ॲडमिशन मिळाल्याचं समाधान होतं. शुक्रवारी, २ फेब्रुवारीला, खोका दारात येणार.

मी बसते सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला. गेले सात-आठ महिने तुमच्या ह्या वस्तूवर जे काही बोललं गेलं, ते जवळपास सगळं ती डोक्यावर चढवणाऱ्याबद्दल होतं. त्याला ती जड होईल का, त्याला ती परवडेल का, त्याचे केस विस्कटतील का. समोर बसणाऱ्याला कुणी काही विचारलं नाही. म्हणून हे पत्र.

लोक काय म्हणाले ते तुमच्यापर्यंत पोचलंच असेल, पण आमच्या बाजूचं थोडं सांगते. जून महिन्यात तुम्ही किंमत जाहीर केलीत आणि आमच्या शाळेच्या जुन्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लगेच ८३ नं गुणलं. दोन लाख नव्वद हजार! मग किडनी विकण्याचा विनोद झाला, जो तुमच्या प्रत्येक फोनच्या वेळी होतो आणि दर वेळी तोच माणूस करतो. कुणी म्हणालं, स्कीइंगचा गॉगल. कुणी म्हणालं, वेल्डिंगवाला. एकीनं विचारलं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर घालायचं का? सगळ्यात खरी प्रतिक्रिया मात्र सांगलीहून आली. नवऱ्यानं व्हिडिओ कॉलवर आईंना फोटो दाखवला. त्यांनी फोन जवळ घेतला, लांब धरला, आणि म्हणाल्या, "ही तर झापडं." त्यांच्या माहेरी तेलाचा घाणा होता. बैल गोल गोल फिरून घेरी येऊन पडू नये म्हणून त्याचे डोळे बांधायचे. "त्याला घेरी यायची. तुला काय होतंय?" त्या अजिबात चेष्टा करत नव्हत्या. नवऱ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानं रेंज गेल्याचं नाटक केलं.

पैशांवर मी बोलणार नाही. ते आमच्या घरातलं भांडण आहे आणि मी ते हरले आहे. वजनावरही थोडकंच. सहाशे ते साडेसहाशे ग्रॅम तोंडावर, आणि साडेतीनशे ग्रॅमची बॅटरी वायरनं खिशात, तीही जेमतेम दोन तास. नारळ डोक्यावर आणि पेला खिशात घेऊन कुणी सिनेमा बघत असेल तर बघो बापडा. नेटफ्लिक्स, यूट्यूब, स्पॉटिफाय ह्यांनी आपापलं ॲप सध्या देणार नाही म्हणून सांगितलं, तेही मला चालतं. आणि जी मंडळी प्रत्येक टीकेवर "आयफोनलाही लोक हसले होते" एवढंच म्हणतात, त्यांना एक सांगावंसं वाटतं. हो, हसले होते. लोक गूगल ग्लासलाही हसले होते. २०१३ मध्ये दीड हजार डॉलरला तो कॅमेरा बसवलेला चष्मा आला, सिअॅटलच्या एका कॅफेनं तो घालून येणाऱ्याला आधीच मज्जाव केला, तो घालणाऱ्यांसाठी इंग्रजीत एक शिवी तयार झाली आणि २०१५ च्या जानेवारीत त्याची विक्री थांबली. लोक हसले म्हणून वस्तू मोठी ठरत नाही, तशी छोटीही ठरत नाही. हसले कशाला, ते बघावं.

ग्लासच्या वेळी चिडलं कोण होतं? घालणारा नव्हे, त्याच्या समोर कॉफी पीत बसलेला. आपल्यावर कॅमेरा रोखलाय की नाही हे त्याला कळत नव्हतं.

तुम्हाला हे माहीत होतं, हे मी मान्य करते. किंबहुना इतर कुणापेक्षा जास्त माहीत होतं. श्री. कुक, २०१६ मध्ये तुम्ही स्वतः मुलाखतीत म्हणाला होतात की माणसाला कोंडून घेणाऱ्या आभासी वास्तवापेक्षा खऱ्या जगावर चित्रं चढवणारा दुसरा प्रकार तुम्हाला जास्त मोलाचा वाटतो, कारण त्यात दोन माणसं समोरासमोर बसून बोलू शकतात. नवऱ्यानं ती मुलाखत मला तेव्हा दाखवली होती. त्याला ती फार आवडली होती. मग गेल्या जूनमध्ये तुमच्या लोकांनी सांगितलं की घालणारा आजूबाजूच्या माणसांपासून तुटू नये हे ह्या हेडसेटचं एक मुख्य उद्दिष्ट होतं. आणि त्यासाठी बाहेरच्या काचेवर तुम्ही त्याचे डोळे दाखवायचं ठरवलंत.

सगळ्यात जास्त लोक अस्वस्थ झाले ते ह्या डोळ्यांनी. मी पण.

मला ते जेवढं समजलंय तेवढं सांगते, चुकलं तर तिळगूळवाल्यांना विचारा. काचेवर दिसणारे डोळे हे खिडकीतून दिसणारे डोळे नव्हेत. घालणाऱ्यानं आधी स्वतःचा चेहरा स्कॅन करून ठेवायचा, त्यातून एक नकली चेहरा तयार होतो, आतले कॅमेरे खऱ्या डोळ्यांची हालचाल टिपतात आणि नकली डोळे तशी हालचाल करतात. तो पूर्ण आभासात बुडाला असेल तर डोळ्यांच्या जागी रंगीत झळाळी दिसते. मी जवळ गेले की मी त्याला धुक्यातून आल्यासारखी दिसू लागते आणि मला त्याचे डोळे. म्हणजे त्याच्या दारावर पाटीच लागली: साहेब आत आहेत, साहेब बाहेर आहेत.

आता मी करते काय, ते सांगते. मी इथल्या एका बालवाडीत शिकवते. तीन वर्षांची पोरं. मास्कच्या दोन वर्षांत आमची तोंडं गेली, डोळे राहिले. पहिला महिना रडारड झाली आणि मग पोरं डोळे वाचायला शिकली. मी हसतेय की दटावतेय हे त्यांना डोळ्यांच्या कडांवरून कळू लागलं. डोळ्यांना पर्याय नसतो हे मी तिथे पाहिलंय. तुमच्या वस्तूत उलट आहे. तोंड राहील, डोळे जातील. आणि डोळ्यांच्या जागी डोळ्यांचं चित्र येईल.

आमच्या भाषेत तर अर्धा संसार डोळ्यांवर चालतो. पाहुण्यांसमोर आई डोळे वटारायची, तेवढ्यानं पोहे पुरवून खायचे की दुसऱ्यांदा मागायचे ते ठरायचं. काणाडोळा करतात, डोळा चुकवतात, डोळ्याला डोळा भिडवत नाहीत, नजरेनं खुणावतात. जेवताना मी नवऱ्याकडे एक नजर टाकते आणि त्याला कळतं की तो पगाराचा किस्सा आता पुरे. ही सगळी कामं अर्ध्या क्षणात होतात. तुमची आर१ चिप कॅमेऱ्यात आलेलं दृश्य १२ मिलिसेकंदांत त्याच्या डोळ्यांपुढे नेते म्हणे, पापणी लवायच्या आत. छान. ते आत जाणारं झालं. बाहेर येणाऱ्याचं काय? मी डोळे वटारले तर त्याला २.३ कोटी पिक्सेलमध्ये दिसतील. त्यानं वटारले तर मला नक्की काय दिसेल?

ह्याच्याही पुढची गोष्ट. ह्या यंत्रात डोळे हाच माउस. ज्याच्याकडे बघाल ते निवडलं जातं, दोन बोटं जुळवली की उघडतं. तेव्हा माणूस काय काय न्याहाळतो हे ॲपांना समजेल ही भीती होती, आणि तुम्ही ती दूर केलीत. बोटं जुळवेपर्यंत तो कुठे बघतोय हे कुठल्याही ॲपला किंवा वेबसाइटला कळत नाही, असं तुम्ही ठणकावून सांगितलंत. त्याबद्दल मनापासून आभार. पण माझा नवरा कुठे बघतोय हे ॲपला कळत नाही तसं मलाही कळणार नाही. माझ्याशी बोलताना त्याच्या समोर माझ्या डोक्याशेजारी क्रिकेटचा स्कोअर तरंगत असेल तर? फोनच्या वेळी निदान मान खाली जायची. चोरी पकडता यायची.

ही माझी एकटीची रड नाही. जूनमध्ये तुमच्या घोषणेनंतर तीन दिवसांनी फेसबुकवाले मार्क झुकरबर्ग आपल्या कर्मचाऱ्यांना म्हणाले की ॲपलनं दाखवलेला प्रत्येक प्रसंग सोफ्यावर एकट्या बसलेल्या माणसाचा होता. आता ते काही तटस्थ पंच नव्हेत. तुमच्या कार्यक्रमाच्या चारच दिवस आधी त्यांनी आपला क्वेस्ट ३ हा हेडसेट जाहीर केला होता, ४९९ डॉलरचा. भाऊबंदांनी काढलेलं खुसपट आहे ते. पण भाऊबंदांची नजर तीक्ष्ण असते. तुमच्या जूनमधल्या चित्रफितीत एक बाप होता, आठवतो? हेडसेट घालून पोरांचा व्हिडिओ घेणारा, आणि मग तो व्हिडिओ एकट्यानं बघणारा. लोकांनी त्याची फार टर उडवली. बायको सोडून गेली असणार, इथपर्यंत गोष्टी रचल्या. मीही हसले होते.

नवरा हसला नव्हता. माझे सासरे २०१९ मध्ये गेले. त्यांचा आवाज असलेली एकच क्लिप आमच्याकडे आहे, नऊ सेकंदांची, आणि त्यात ते एवढंच विचारतात, "झालं का चालू?" डिसेंबरच्या सुट्टीत सांगलीला गेलो तेव्हा नवऱ्यानं आईंचा व्हिडिओ घेतला. मागच्या अंगणात त्या शेंगा फोडत बसल्यात आणि कोंबडी हाकलतायत. हेडसेट घालून नव्हे, हातातल्या फोननं. आयफोन १५ प्रोवर तसा खोली असलेला व्हिडिओ घ्यायची सोय तुम्ही डिसेंबरातच करून दिलीत. कॅमेरा बापाच्या तोंडावरून काढून हातात दिलात, हे लोकांच्या हसण्यामुळे केलंत की आधीच ठरलं होतं मला ठाऊक नाही, पण बरं केलंत. त्यानं हेडसेट का मागवला ते मला त्या दिवशी समजलं, म्हणून तर मी भांडण हरले.

पण तो व्हिडिओ बघणार कोण? तो. मी नाही. माझा नंबर उणे साडेचार, त्याचा उणे दोन. माझी भिंगं वेगळी, म्हणजे आणखी १४९ डॉलर. चेहऱ्याभोवती बसणारं ते मऊ कडं त्याच्या मापाचं, माझ्या नाकाला ते बसेलच असं नाही. पाहुण्याला तात्पुरतं वापरू देता येतं, पण दर वेळी डोळ्यांची जुळणी नव्यानं. आणि आईंनी तो कसा बघायचा? सध्या तुम्ही हे फक्त अमेरिकेत विकताय. माझ्या लहानपणी आमच्या वाड्यात एकच टीव्ही होता. रविवारी सकाळी त्यापुढे पंचवीस माणसं बसायची, खिडकीत पाच पोरं वेगळी. कुणी कुणाची मापं घेतली नव्हती. तीन लाखांच्या घरात जाणारी वस्तू घरात येते आणि ती घराची होत नाही, एका तोंडाची होते, हे मला पटवून घ्यायला जड जातंय.

तुमच्या आधी हा पेच एकाला पडला होता. १९७९ साली सोनीच्या अकिओ मोरितांनी वॉकमनचा नमुना ऐकून बघायला घरी नेला. बायको नाराज झाली. नवरा घरात असून आपण बाहेर राहिलो असं तिला वाटलं. मोरितांनी काय केलं? पहिल्या वॉकमनला हेडफोनची दोन भोकं ठेवली, आणि वर एक नारिंगी बटण. ते दाबलं की गाण्याचा आवाज दबायचा आणि दोघांना एकमेकांशी बोलता यायचं. मला हे कळलं तेव्हा त्या बाईंबद्दल इतकी माया दाटून आली, काय सांगू! जगभर विकल्या गेलेल्या वस्तूत तिच्या नाराजीसाठी एक भोक पाडलं गेलं. पण गोष्ट तिथे संपत नाही. लोकांनी ते दुसरं भोक फारसं वापरलंच नाही. जो तो आपापला वॉकमन घेऊ लागला, आणि पुढच्या मॉडेलांतून ते भोक आणि ते बटण दोन्ही गेली.

बाहेरच्या काचेवरचे तुमचे डोळे म्हणजे ते दुसरं भोक आहे असं मला वाटतं. तुमच्या घरातलं कुणीतरी नाराज झालं असणार. माझी भीती ही की त्याचंही तेच होईल. उद्या वस्तू स्वस्त करायची वेळ येईल, हिशेब मांडणारा विचारेल की बाहेरचा पडदा कशाला, घालणाऱ्याला तर तो दिसतसुद्धा नाही. आणि तेव्हा बैठकीत आमच्या बाजूनं बोलायला कुणी नसेल, कारण आम्ही गिऱ्हाईक नाही. मघाशी मी त्या डोळ्यांना नावं ठेवली, हे खरं. तरी ते काढू नका. निदान आधी आम्हाला विचारा.

एक गोष्ट सगळ्यांनीच हेरली आहे. जूनमधल्या कार्यक्रमात तुमच्यापैकी एकही मोठा माणूस हेडसेट घालून समोर आला नाही. तुम्ही त्याच्या शेजारी उभे राहून फोटो दिलेत, घातलात मात्र नाही. हलवाई स्वतःच्या दुकानातला पेढा खात नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक जरा थबकतं. मला त्यात काळंबेरं वाटत नाही, मला उलट ते फार माणसासारखं वाटलं. हजारो लोक बघत असताना डोळे झाकून बोलणं तुम्हाला बरं वाटलं नसणार. तीच भावना मी सांगतेय. तुम्ही तुमच्या ॲप बनवणाऱ्यांना बजावलंय की ह्याला आभासी किंवा मिश्र वास्तव म्हणू नका, अवकाशीय संगणन म्हणा. नाव काहीही द्या. पण सोबतच्या पुस्तिकेत एक ओळ टाका, की माणूस बोलायला आला तर हे काढून बाजूला ठेवावं. बॅटरी जपण्याबद्दल लिहिताच ना, मग हेही लिहा. माझा नवरा माझं ऐकणार नाही, तुमची पुस्तिका पहिल्या पानापासून वाचतो.

मी आंधळा विरोध करत नाही. ज्याचे हात चालत नाहीत त्याला नुसत्या डोळ्यांनी आणि आवाजानं आख्खा कॉम्प्युटर हाताळता येणार असेल, तर त्या एका माणसापुढे माझं हे सगळं गाऱ्हाणं मी खुशाल गुंडाळून ठेवीन. आणि शेंगा फोडणाऱ्या आई मलाही बघायच्यात, अगदी समोर बसल्यासारख्या. म्हणून शुक्रवारपासून तुमच्या दुकानात हेडसेट घालून दाखवणार आहेत म्हणे, तिथे मी जायचं ठरवलंय. चष्मा तपासून तात्पुरती भिंगं बसवून देतात असं ऐकलं. मी आत असेन, अर्धा तास. नवरा सोबत येईल.

तो अर्धा तास त्याला कुठे बसवता, ते मला बघायचंय. जमलं तर माझ्यासमोर एक खुर्ची ठेवायला सांगा.

आपली,
समोर बसणारी